काल गेले

गुदैबियातल्या त्या खोलीत
फोन दाराशी आणि कॉम्प्युटर खिडकीशी,
म्हणून बावीस फूट वायर
सतरंजीखालून, कुरियनच्या खाटेखालून,
तांदळाच्या पोत्याला वळसा घालून आणली.
कुरियन म्हणाला, यात पाय अडकून मी मेलो
तर कोट्टयमला तूच कळव.

सेटिंग निशांत परेराने करून दिलं.
कोलंबोचा अकाउंटंट, कॉम्प्युटर त्याचाच, जुना,
साठ दिनारला मला विकून तो परत चालला होता.
न्यूज सर्व्हरचं नाव पाकिटावर लिहून दिलं,
पोर्ट एकशेएकोणीस.
मग गटांची यादी उतरायला लागली,
चौदा हजार नावं, पन्नास मिनिटं,
मी फिल्सचा हिशेब करत बसलो
आणि शमाल खिडकीच्या फटीतून
कीबोर्डवर बारीक वाळू पेरत राहिला.
मांजरं, बोन्साय, बुद्धिबळ,
कुठल्याशा जुन्या मोटारीचे कार्बोरेटर,
आणि मध्येच, मराठी.

आधी नुसतं वाच, निशांत म्हणाला, महिनाभर.
नवा माणूस लगेच बोलला तर शिव्या खातो.
फक्त मथळे उतरव, हवा तेवढाच मजकूर माग,
मग फोन तोड आणि सावकाश वाच.
तोडल्यावर वाचायचं, हे मला शिकवावं लागलं नाही,
सात वर्षं घरची पत्रं मी तशीच वाचत होतो.
आणि हो, सर्व्हरवर मजकूर तेरा दिवस राहतो. मग जातो.

वाचलं महिनाभर.
रोमन लिपीतली मराठी, ओठ हलवल्याशिवाय लागत नाही,
पहिलीतल्या पोरासारखं.
ट्रॉन्डहाइमच्या बिवलकरांचा नियम होता:
ण ला मोठा एन, ळ ला मोठा एल.
नियम पाळावा की नाही यावर बासष्ट उत्तरं,
शेवटी कुणीतरी कुणाच्या तरी आईपर्यंत पोचलेला.

त्या हिवाळ्यात अण्णा आले, व्हिजिट व्हिसावर.
मोडेमची किरकिर ऐकून म्हणायचे, याला तेल घाल रे.
खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याशी मराठीतच बोलायचे,
तो मलबारी मान डोलवायचा आणि बरोबर तीच वस्तू काढून द्यायचा.
एका गुरुवारी त्यांना विमानात बसवून आलो.
दुसऱ्या दिवशी खोलीत अडकित्त्याचा आवाज नव्हता.
तेव्हा पहिल्यांदा मी गटात लिहिलं:
anna kal gele. khup ekta vatatay.

रात्री जोडलं तर एकोणीस उत्तरं.
तुल्साहून, वेलिंग्टनहून, नैरोबीहून.
प्रिटोरियाच्या इंदुमती खोपकरांनी लिहिलं होतं,
माझे वडील गेले तेव्हा मला तिकीट मिळालं नाही. तू निघालास का?
एकाने विचारलं, अन्न गेलं? म्हणजे फ्रिज बंद पडला का?
त्याला बाकीच्यांनी फैलावर घेतलं.
बिवलकरांनी मोठ्या एनबद्दल चकार शब्द काढला नाही.

अण्णा तेव्हा देवरुखला पडवीत बसून
शेजाऱ्यांना विमानातल्या पावाबद्दल सांगत होते.

दोन दिवस जोडायची छाती झाली नाही.
मग खुलासा केला: गेले म्हणजे गावी गेले. माफी.
काही चिडले, बरेचसे हसले.
इंदुमतीबाईंकडून काहीच आलं नाही.
ती एकोणीस पत्रं मी सित्र्याच्या प्लांटवर
डॉट मॅट्रिक्सवर छापून घेतली, तेराव्याच्या आत.
का, ते विचारू नका.

नऊ वर्षांनी भावाचा फोन आला: अण्णा गेले.
कुठे, असं मी विचारलं नाही.

तोवर सर्व्हर बंद पडला होता,
त्याचं नाव पाकिटावर तेवढं उरलेलं.
कपाटाच्या तळातून कडेला भोकं असलेला तो कागद काढला
आणि ओठ हलवत वाचला.
सगळं लागू पडत होतं.
फ्रिजवाल्याचं दोनदा वाचलं.
इंदुमतीबाईंना उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं होतं:
परवा पहाटेचं मिळालंय. निघतोय.